ताप कितव्या दिवसाचा?

"किती दिवस झाले तापाला?"

"झाले की चार-पाच."

"चार की पाच?"

इथं आजी सुनेकडं बघतात, सून नवऱ्याकडं बघते, नवरा मोबाइलमध्ये बघतो. "सोमवारधरनं हाय न्हवं?" "छे, रविवारी जोतिबाला गेलो तवाच अंगात कणकण हुती." म्हणजे रविवार. म्हणजे आज पाचवा दिवस. डॉक्टर केस पेपरच्या कोपऱ्यात '५' लिहून त्याला गोल करतो आणि मगच बीपीचा पट्टा उचलतो.

पावसाळा सरताना कोल्हापुरातल्या कुठल्याही फिजिशियनच्या बाकावर अर्धा तास बसलं, तर हा संवाद चार वेळा ऐकू येतो. एका दिवसासाठी एवढा कीस कशाला, असं कुणालाही वाटेल. पण रविवार की सोमवार यावरच कुठली तपासणी आज खरं बोलेल, कुठली खोटं बोलेल आणि पेशंटला घरी पाठवायचं की ठेवून घ्यायचं हे ठरतं. माझ्या मते मेडिसिनमधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित तपासणी हीच.

टायफॉइडला आपल्याकडं जुनं नाव आहे, 'मुदतीचा ताप'. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्याच्याकडं ना लॅब होती ना अँटिबायोटिक, पण तो दिवस मोजत होता. मुदत फक्त टायफॉइडला असते असंही नाही. डेंग्यू, उंदरांमुळं होणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), किड्याच्या चाव्यानं होणारा स्क्रब टायफस या सगळ्यांचं आपापलं वेळापत्रक आहे. अडचण एवढीच, की पहिल्या तीन दिवसांत हे सगळे एकसारखेच दिसतात. अंगदुखी, डोकेदुखी, भूक मेलेली, जीभ पांढरी. तिसऱ्या दिवशी छातीठोकपणे निदान सांगणाऱ्या डॉक्टरबद्दल मला जरा शंकाच वाटते.

मोजणी सोपी आहे. पहिल्यांदा कणकण आली तो पहिला दिवस. गोळीनं उतरला तो दिवसही धरायचा, मध्ये एखादा दिवस कोरडा गेला तरी मोजणी तोडायची नाही. स्वयंपाकघरातल्या ज्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतात, त्याच चौकोनात सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार आकडे लिहावेत. गोळी कधी दिली ते लिहावं आणि लघवी किती वेळा झाली तेही. थर्मामीटर जिभेखाली लावायचा तर गरम चहानंतर पंधरा मिनिटं थांबावं. काखेत लावला तर साधारण एक डिग्री फॅरनहाइट कमी दाखवतो. आणि 'आतला ताप' नावाचा जो प्रकार घराघरांत असतो, जो थर्मामीटरला दिसत नाही पण आईच्या हाताला लागतो, त्याला हसू नये. तो लिहावा. फक्त आकड्याच्या रकान्यात लिहू नये.

पुराच्या वर्षी आणखी एक मोजणी सुरू होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये अख्खं शहर मोबाइलवर फुटांचे आकडे बघत बसलं होतं. पाणी उतरलं की लोकांना हायसं वाटतं. फिजिशियनचं कॅलेंडर तिथून सुरू होतं. लेप्टोचे जंतू उंदराच्या मूत्रातून पाण्यात आणि चिखलात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या कातडीतून आत शिरतात. लागण झाल्यापासून ताप यायला २ ते ३० दिवस, बहुतेकांना ५ ते १४. त्यामुळं "पाण्यात गेला होता का?" एवढं विचारून भागत नाही. "घरातला चिखल कुठल्या दिवशी काढला?" हेही विचारायला लागतं, कारण पूर बघायला माणूस गुडघाभर पाण्यात दहा मिनिटं थांबतो, पण चिखल उपसायला दोन दिवस अनवाणी राबतो.

डेंग्यू त्यानंतर येतो आणि पुराच्या पाण्यातून येतच नाही. उपसा केंद्रं पाण्याखाली गेली की नळ बंद होतात, घरोघरी बॅरल, बादल्या, हंडे भरून ठेवले जातात आणि एडीस डासाला हेच स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस. त्या डासानं एखादा डेंग्यूचा रोगी चावला, की विषाणू त्याच्या लाळेपर्यंत पोचायला आणखी आठ ते बारा दिवस. मग तो दुसऱ्याला चावतो, आणि त्या माणसाला ताप यायला चार ते सात दिवस. बेरीज केली की कळतं, डेंग्यूची लाट पूर ओसरून महिना होत आला की का उठते. तोवर औषधफवारणीचे फोटो छापून झालेले असतात.

आता डेंग्यूच्या पाचव्या दिवसाकडं जरा जवळून बघू. एनएस वन ही तपासणी विषाणूचंच प्रथिन पकडते. ती पहिल्या दिवसापासून लागू शकते आणि पाचव्या दिवसानंतर झपाट्यानं हातची जाते. आयजीएम हे शरीरानं तयार केलेलं प्रतिपिंड, ते साधारण पाचव्या दिवसापासून दिसायला लागतं. सहाव्या दिवशी फक्त एनएस वन केली आणि निगेटिव्ह आली तर त्या कागदाची किंमत फारशी नाही. दुसऱ्या दिवशी केलेल्या आयजीएमचीही तीच गत. ज्याला पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेलाय त्याच्यात एनएस वन आणखी लवकर फसते, आणि दुसऱ्यांदा होणारा डेंग्यूच जास्त वाईट. रिपोर्टवर निगेटिव्ह असा ठसठशीत शब्द असतो. तो कितव्या दिवसाचा निगेटिव्ह आहे हे मात्र लॅब लिहीत नाही.

याच पाचव्या दिवसाच्या आसपास ताप उतरतो. घरचे म्हणतात, "बरं वाटाय लागलंय, डिस्चार्ज द्या." डॉक्टर नेमका त्याच वेळी पेशंटला सोडायला तयार नसतो. कारण डेंग्यूचा धोक्याचा काळ तापात नसतो. ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, २४ ते ४८ तासांसाठी रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. रक्तातलं पाणी पोटात आणि फुप्फुसांभोवती जातं, मागं उरलेलं रक्त घट्ट होतं. हे घट्ट होणं सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर पीसीव्हीच्या (रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के) रकान्यात दिसतं. पहिल्या दिवशी ४० असलेला पीसीव्ही ४८ झाला, म्हणजे वीस टक्के चढला, की पाझर खरा. पण कागद हातात पडला की नातेवाइकांचं बोट, आणि पुष्कळदा डॉक्टरचंही, प्लेटलेटच्या ओळीवर जातं. या प्लेटलेटना आपल्याकडं सर्रास 'पांढऱ्या पेशी' म्हणतात. त्या पांढऱ्या पेशी नव्हेत, पण हे दुरुस्त करत बसायला ती वेळ बरी नसते.

बीपीतही असाच एक फसवा आकडा आहे. १०० वर ८०. वरचा शंभर बघून सिस्टर 'नॉर्मल' लिहिते. पण वरच्या-खालच्या आकड्यातलं अंतर २० वर आलेलं आहे. हातपाय गार, नाडी बारीक. डेंग्यूत हा शॉक आहे, म्हणजे अवयवांना रक्त कमी पडतंय, माणूस उठून बसलेला आणि बोलत असला तरी. सोबत सतत पोटदुखी, न थांबणारी उलटी, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा उगाच तगमग, सहा तास लघवी नाही, यातलं काहीही असलं तर रात्र घरी काढायची नाही.

उपचार म्हणाल तर सलाईन, पण मोजून. धोक्याची लक्षणं असलेल्या साठ किलोच्या माणसाला सुरुवातीचे एक-दोन तास ताशी ३०० ते ४२० मिलि, मग दोन-चार तास १८० ते ३००, मग १२० ते १८०. प्रत्येक पायरीला नाडी, बीपी, लघवी आणि पीसीव्ही परत बघून. आणि हे सगळं एक-दोन दिवसांपुरतंच. चूक नेमकी इथं होते. पाझर थांबला की बाहेर गेलेलं पाणी आपोआप रक्तात परत यायला लागतं, भूक लागते, पेशंट "जरा पांढरा रस्सा चालंल का" विचारतो. आणि वर सलाईनची बाटली अजून टपटपतच असते, कारण प्लेटलेट अजून तीस हजारच आहेत. मग सातव्या-आठव्या दिवशी त्याला धाप लागते. डेंग्यूतून वाचलेला माणूस सलाईननं आयसीयूत जातो.

प्लेटलेट चढवण्याबद्दल तर आता वादही उरलेला नाही. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सिंगापूर आणि मलेशियातल्या ३७२ पेशंटांची चाचणी छापून आली. प्लेटलेट वीस हजार किंवा खाली, पण मोठा रक्तस्राव नाही, असे हे लोक. निम्म्यांना प्लेटलेट चढवल्या, निम्म्यांना नाही. रक्तस्राव २१ टक्के विरुद्ध २६ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतपतच. रिअॅक्शनसारख्या त्रासाच्या घटना मात्र १३ विरुद्ध २. तरीही रात्री अकरा वाजता ब्लड बँकेच्या दारात पिशवीसाठी उभी असलेली पोरं दिसतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. 'आपण काहीतरी केलं' याचं ते समाधान असतं. पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट हेही त्याच समाधानाचे प्रकार; फळं खावीत, पानांच्या कडू रसानं उलट्या वाढल्या तर थांबावं. सातव्या-आठव्या दिवशी प्लेटलेट आपसूक चढतात आणि श्रेय शेवटी जे दिलं त्याला जातं. डायक्लोफिनॅक आणि आयब्युप्रोफेन ही वेदनाशामकं मात्र या दिवसांत घ्यायचीच नाहीत. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, सहा तासांच्या अंतरानं. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही हिशेबात धरायचं.

डेंग्यूच्या लशीचं काम आपल्याकडं २०२४ मध्ये माणसांवरच्या चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात गेलं. आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि एका भारतीय कंपनीची, चारही प्रकारांवरची, एकाच डोसाची लस, दहा हजारांवर प्रौढांवर. तोवर बॅरलचं झाकण.

आता मुदतीच्या तापाकडं. टायफॉइडसाठी रक्ताची जी विडाल तपासणी करतात ती १८९६ सालची आहे. तापाच्या पहिल्या आठवड्यात ती बहुधा काहीच सांगत नाही, कारण प्रतिपिंडं तयार व्हायलाच आठवडा जातो. आणि आपल्यासारख्या प्रदेशात, जिथं आयुष्यात कधी ना कधी हे जंतू पोटात गेलेले असतात, तिथं थोडंफार पॉझिटिव्ह असणं हीच नेहमीची स्थिती. एकाच नमुन्यावरून निदान करायचं नाही, आठ-दहा दिवसांनी दुसरा नमुना घेऊन चौपट वाढ बघायची, असं पुस्तक सांगतं. दुसऱ्या नमुन्यासाठी परत आलेला पेशंट मात्र दाखवा. यातून होतं असं, की डेंग्यूच्या तिसऱ्या दिवशी विडाल 'पॉझिटिव्ह' येते, पेशंटला टायफॉइड म्हणून इंजेक्शनं चालू होतात आणि पीसीव्ही कुणी बघतच नाही.

खरी तपासणी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघणं, आणि ती अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. इथं रक्ताचं प्रमाण महत्त्वाचं. टायफॉइडमध्ये एक मिलिलिटर रक्तात साधारण एखादाच जिवंत जंतू असतो. तीन मिलि रक्त घालून 'ग्रोथ नाही' असा रिपोर्ट आणणं म्हणजे रंकाळ्यात लोटा बुडवून तळ्यात मासे नाहीत म्हणण्यासारखं. प्रौढांत एका बाटलीत आठ ते दहा मिलि, आणि दोन वेगळ्या ठिकाणांहून काढलेलं. क्लोरहेक्सिडिन-स्पिरिटनं अर्धा मिनिट घासायचं आणि अर्धा मिनिट नुसतं वाळू द्यायचं. जंतू वाळताना मरतात, बोळा फिरवल्याबरोबर नाही. घाईत नेमका हाच अर्धा मिनिट वाचवला जातो. साफ केल्यावर शीर परत बोटानं चाचपायची नाही. बाटलीचं प्लास्टिकचं झाकण काढल्यावर खालचं रबर निर्जंतुक असेलच असं नाही, तेही स्पिरिटनं पुसायचं. बाकीच्या नळ्या नंतर, आधी कल्चरची बाटली. ती फ्रिजमध्ये ठेवायची नाही. यातलं एक चुकलं तर कातडीवरचा निरुपद्रवी स्टॅफिलोकोकस बाटलीत वाढतो आणि पेशंटला आठवडाभर व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक मिळतं, त्याच्याच कातडीच्या रहिवाशासाठी.

एवढं करूनही टायफॉइडच्या निम्म्याच पेशंटांत कल्चर लागतं. पण लागलं तर कुठलं औषध चालेल हे कळतं, आणि ते कळणं आता गरजेचं झालंय. आपल्याकडच्या जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन जवळजवळ निकामी झालंय. सिंध प्रांतात २०१६ पासून सेफ्ट्रिॲक्सोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला. उरलेली औषधं वाचवायची तर एक गोष्ट पेशंटलाही माहीत हवी. योग्य औषध चालू असलं तरी मुदतीचा ताप उतरायला पाच-सहा दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी "डॉक्टर, जरा चांगलं औषध द्या की" म्हणून दवाखाना बदलला, की नवा डॉक्टर नवं अँटिबायोटिक लावतो, ताप सहाव्या दिवशी उतरतो आणि गुण नव्याच्या नावावर लागतो. २०१८ साली नवी मुंबई महापालिकेनं मुलांना टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस सार्वजनिक मोहिमेतून दिली, भारतात पहिल्यांदा. औषधं बदलत बसण्यापेक्षा तो रस्ता मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

स्क्रब टायफसमध्ये तर कागद नंतर, आधी डोळे लागतात. झाडोऱ्यात, बांधावरच्या गवतात राहणाऱ्या अगदी बारीक किड्याची अळी चावते. दुखत नाही, खाजत नाही. दहा-बारा दिवसांनी ताप येतो, आणि चावल्या जागी एक काळी खपली असते, भोवती लालसर कड, विडीचा चटका बसल्यासारखी. पेशंटला ती माहीतच नसते, कारण ती असते काखेत, जांघेत, स्तनाखाली, कानामागं, परकराच्या नाडीखाली, चड्डीच्या इलॅस्टिकच्या रेषेत. सावळ्या कातडीवर ती झाकून जाते. शिवाय घामाच्या, ओल्या जागी खपली धरतच नाही. नुसता पिवळसर उथळ व्रण दिसतो आणि तो 'घासलंय' म्हणून सोडला जातो. म्हणून पडदा ओढून, सिस्टरला सोबत घेऊन, "मावशी, जरा नाडी सैल करा" म्हणत टॉर्चनं इंचाइंचानं बघायचं. जवळची गाठ दाबून दुखली तर त्या बाजूला आणखी नीट. पाच मिनिटांचं काम. ते सापडलं तर हजारो रुपयांच्या तपासण्या वाचतात, आणि पेशंटही. कारण सेफ्ट्रिॲक्सोनचा याच्यावर काडीचा उपयोग नाही, आणि डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं की बहुतेकांचा ताप ४८ तासांत खाली येतो. इतका ठरल्या वेळी, की ४८ तासांत उतरला नाही तर निदानावरच फेरविचार करावा.

गंभीर रुग्णांसाठी मात्र एवढ्यावर भागत नाही. २०२३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलेला अभ्यास संपूर्ण आपल्या मातीतला आहे: भारतातली सात रुग्णालयं, ७९४ रुग्ण, सगळ्यांचा एखादा तरी अवयव बिघडलेला. शिरेतून एकटं डॉक्सिसायक्लिन, एकटं अॅझिथ्रोमायसिन, किंवा दोन्ही मिळून. मृत्यू, टिकून राहिलेली गुंतागुंत किंवा न उतरलेला ताप यांपैकी काहीतरी ओढवलं ते अनुक्रमे ४७, ४८ आणि ३३ टक्क्यांना. वर्षानुवर्षं 'दोनपैकी कुठलंही चालेल' म्हणणाऱ्या प्रश्नाला इतकं स्वच्छ उत्तर क्वचितच मिळतं.

लेप्टोबद्दल एकच कानमंत्र. कावीळ दिसली की घरचे पानाचं औषध आणायला निघतात. इचलकरंजीत २०१२ साली हिपॅटायटिस ईची मोठी साथ होऊन गेल्यामुळं कावीळ म्हणजे पाण्यातली, हे डोक्यात पक्कं आहे. रिपोर्ट शेजारी ठेवून बघावा. बिलिरुबिन (काविळीचा आकडा) १५ आणि एसजीपीटी (यकृताच्या इजेचा आकडा) हजार-दोन हजार, तर विषाणूची कावीळ. बिलिरुबिन १५ पण एसजीपीटी शंभर-दीडशेच, किडनीचं क्रिएटिनिन चढलेलं, प्लेटलेट उतरलेल्या, पोटऱ्या दाबल्या की माणूस ओरडतो आणि डोळे लाल पण चिपडं नाहीत, तर लेप्टो समजून, आयजीएमच्या रिपोर्टची वाट न बघता, पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन चालू करायचं. आठवड्याआधी आयजीएम लागेलच असं नाही. चिखलात राबणाऱ्यांना त्या दिवसांत आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम देतात. पोटात काहीतरी असताना, ग्लासभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथं व्रण पडतो. गरोदर बाईला ही गोळी नको.

ताप एकटा आला तर एवढंच. पण आता तो एकटा येत नाही. पन्नाशीच्या माणसाला साखर असते, बीपी असतं, छातीत एखादी स्टेंट असते. उलट्या चालू असताना साखरेची डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी तशीच चालू ठेवली, तर ग्लुकोमीटर १८० दाखवत असताना आत कीटोन वाढून रक्त आम्ल होतं. साखर ठीक दिसते म्हणून कुणाला शंकाही येत नाही. खाणंपिणं बंद असेपर्यंत ही गोळी आणि मेटफॉर्मिन थांबवायचं, बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळीही बीपी बघून. इन्शुलिन घेणाऱ्यानं ते आपल्या मनानं बंद करायचं नाही. आणि डेंग्यूत प्लेटलेट तीस हजार, पण रक्त पातळ ठेवणाऱ्या अॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलच्या गोळ्या चालू, तेव्हा फिजिशियन परत तोच प्रश्न विचारतो: स्टेंट टाकून किती दिवस झाले? पहिल्या महिन्यातली असेल तर गोळ्या थांबवणं जिवावर बेतू शकतं. दोन वर्षांपूर्वीची असेल तर काही दिवस श्वास घ्यायला जागा आहे. ही फाइल नातेवाइकांकडं क्वचितच असते. "कोल्हापुरातच केलंय, तात्यांना म्हाईत हाय", आणि तात्या तर स्ट्रेचरवर.

अँटिबायोटिक किती दिवस द्यायचं, यातही हिशेब बदलतोय. रक्तात जंतू सापडले की चौदा दिवस, ही रीत. २०२४ च्या अखेरीस 'बॅलन्स' चाचणीनं ३,६०८ रुग्णांत सात दिवस आणि चौदा दिवस यांची तुलना केली. नव्वद दिवसांतले मृत्यू १४.५ आणि १६.१ टक्के; सात दिवस कुठंही कमी पडले नाहीत. स्टॅफिलोकोकसचाच घातक प्रकार, ऑरियस, सापडलेले यात नव्हते, त्यांना लांबच कोर्स लागतो. टायफॉइडला हा आकडा लावायचा मोह टाळावा, तिथं अर्धवट कोर्सनं ताप उलटतो. याउलट डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन: गावागावांत पहिल्याच दिवशी टोचलं जातं, तासाभरात ताप गायब, गावभर नाव. कोविडमध्ये याच औषधानं ऑक्सिजनवरच्यांचे प्राण वाचवले आणि ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना काही फायदा दिला नाही, हे २०२० च्या 'रिकव्हरी' चाचणीत दिसलं. तापाच्या पहिल्या दिवशी ते दिलं की कॅलेंडरच बिघडतं. ताप कधी उतरला हे मग सांगता येत नाही.

आणि काही ताप कुठल्याच मुदतीत बसत नाहीत. तीन आठवडे झाले, १०१ च्या वर वारंवार जातोय, सगळे रिपोर्ट होऊन गेलेत. पीटर्सडॉर्फ आणि बीसन या डॉक्टरांनी १९६१ साली अशा तापाची व्याख्या केली, तीत हेच तीन आठवडे आहेत. आपल्याकडं यात पहिला संशय क्षयाचा. मानेतली गाठ काढली तर तिचे दोन तुकडे करायचे: एक फॉर्मलिनमध्ये, एक साध्या सलाईनमध्ये. अख्खी गाठ फॉर्मलिनमध्ये बुडवली की जंतू मरतात, कल्चर संपलं, आणि गाठ दुसऱ्यांदा काढायला कुणी तयार होत नाही. स्टेरॉइड त्याआधी चालू झालं असेल तर लिम्फोमा हा गाठींचा कॅन्सरही लपतो. चंदगडकडचा, तिलारी घाट उतरून काजूच्या बागेत जाणारा कुणी फेब्रुवारी-मार्चमध्ये तापानं आला, तर गोचिडींबद्दल विचारायचं. दोडामार्गात २०१६ मध्ये गोचिडींतून होणारा माकडताप येऊन गेलाय. तो ताप तीन आठवडे ताटकळवत नाही, पण विचारलं नाही तर सापडतही नाही.

एक प्रश्न खास या गावासाठी. "दूध कुठं पिता?" गंगावेशीत संध्याकाळी म्हैस समोर दोहून फेसाळ ग्लास हातात देतात, तालमीतल्या पोरांचा खुराक आणि पाहुण्यांना दाखवायची गोष्ट. त्या म्हशींत रोग आहे असं मुळीच म्हणायचं नाही. पण न तापवलेलं दूध कुठलंही असो, ब्रुसेला या जनावरांकडून येणाऱ्या जंतूचा विचार करावा लागतो, आणि गोठ्यात गाभडलेल्या जनावराची वार हातानं काढणाऱ्याच्या बाबतीत तर आधी. ताप चढतो-उतरतो, संध्याकाळी घामानं सदरा पिळून निघतो, कंबर आणि माकडहाड इतकं दुखतं की पेशंट आधी हाडाच्या डॉक्टरकडं जाऊन आलेला असतो. एमआरआयमध्ये मणका खराब दिसतो, क्षयाची औषधं चालू होतात, त्यातल्या रिफॅम्पिसिननं ब्रुसेला थोडा दबतो, थोडं बरंही वाटतं आणि निदान आणखी लांबतं. 'रोज बेंगॉल' नावाची रक्ताची स्वस्त तपासणी चाळणीला पुरते. कल्चर पाठवताना लॅबच्या चिठ्ठीवर 'ब्रुसेला?' असं ठळक लिहायचं: बाटली जास्त दिवस ठेवतील म्हणून, आणि उघडणाऱ्याच्या नाकात हे जंतू जाऊ नयेत म्हणूनही.

औषध सहा आठवडे. डॉक्सिसायक्लिन १०० दोन वेळा, जोडीला रिफॅम्पिसिन, किंवा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. एकच औषध दिलं किंवा तिसऱ्या आठवड्यात "आता बरं हाय" म्हणून सोडलं, तर हा उलटून येतो. बेचाळीस चौकोन आखलेला कागद देतात, रोज खूण करायला. शेवटी सूचना असते: गोळीबरोबर दूध नको, दुधातल्या कॅल्शियमनं औषध अंगी कमी लागतं, मध्ये दोन तास जाऊ द्यायचे.

"आनि मग चालंल?"

"चालेल. तापवून."